विरघळलेला बटाटा

अहो,

भांडायला बसले आहे. समोर असतात तर काल घरी आल्या आल्याच फैलावर घेतलं असतं, पण तुम्ही दोन वर्षांपूर्वी आपले निघून गेलात, तेव्हा आता कागदावरच ऐकून घ्या. तुमची चोरी पकडली गेली! आणि साक्षीदार कोण, तर तुमची लाडकी लेक.

आज रविवार, सकाळचे दहा वाजलेत. केसांना अजून धुराचा वास आहे आणि न्हायला जावंसं वाटत नाही. मडकं घासून मागच्या डेकवर उन्हात ठेवलंय, इथून खिडकीतून दिसतं. हो, तेच मडकं. अलिबागहून विमानात मांडीवर घेऊन आणलेलं. विमानतळावरच्या त्या बाईने माती लागलीय का म्हणून आत बोट फिरवून पाहिलं, तर तुम्ही तिच्याशी हुज्जत घालायला लागलात की माती कशी नसेल, मातीचंच आहे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तुम्ही गेल्यापासून पोपटी झाली नाही. कोण करणार? आपली वाटणी ठरलेली होती ना. मडकं भरायचं मी आणि जाळ तुमचा. शेंगा निवडा, कोंबडीला मसाला लावून केळीच्या पानात बांधा, पाल्यावर शेंगा, शेंगांवर अंडी, बटाटे, रताळी, मधून मीठ आणि ओवा, तोंडाला पाल्याचा बोळा, हे सगळं माझ्याकडे. मग तुम्ही हाफ पँट आणि त्या रबरी चपला, इकडच्या जँडल्स, घालून ऐटीत यायचात, मडकं पालथं घालायचात, भोवती गवत-काटक्या रचून पेटवायचात, आणि पाहुणे म्हणायचे, "वा, काय पोपटी केलीत हो!" कुणाला? तुम्हाला! वीस वर्षं ऐकलं मी हे.

तर गेल्या महिन्यात मुक्ता वेलिंग्टनहून ऑफिस करून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "आई, आय पुट अवर नेम डाउन." कशात? म्हणे इकडच्या मैदानावर बार्बेक्यूचा फेस्टिव्हल आहे, त्यात स्पर्धा आहे, विस्तवावर काहीही शिजवायचं. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? मला जाळातलं काय कळतं? ती म्हणाली, "यू फिल्ड द पॉट एव्हरी टाइम." सत्तावीस वर्षांची घोडी झाली, मराठी सगळं समजतं, पण उत्तर देईल तर शपथ.

दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. मग एकदा मडकं माळ्यावरून खाली काढलं. कडेला चीर, तिच्याभोवती तुम्ही गुंडाळलेली तार. हातात घेतलं आणि ठरवलं, एकदा करून बघायची. बिघडली तर या मडक्यात पुदिना लावायचा आणि पोपटी हा विषय घरातून कायमचा संपवायचा. मुक्तालाही तसं सांगितलं.

सामान तुमच्याच पद्धतीने जमवलं. वालाच्या शेंगांऐवजी कोवळे ब्रॉड बीन्स. भांबुर्डीचा पाला नाही म्हणून नदीकाठी जाऊन रानबडीशेप तोडली. तोडताना एक आजोबा कुत्रा घेऊन थांबले आणि म्हणाले, इथे रोज एक गृहस्थ यायचे बॅग घेऊन, हल्ली दिसत नाहीत. रोज? मला तर तुम्ही पाल्यासाठी वर्षातून एकदा जातो म्हणून सांगायचात! उरलेले दिवस बॅग घेऊन नदीवर काय करत होतात, तेही एकदा कळू द्या.

काल मैदानावर पोचलो आणि माझं अवसानच गळालं. अहो, केवढाले ते बंब! एकेक लोखंडी भट्टी आपल्या गाडीएवढी. आमच्या शेजारच्या स्टॉलवर ब्रेंट म्हणून एक दाढीवाला, पोटावर ॲप्रन ताणून बसवलेला. त्याचं बीफ म्हणे पहाटेपासून धुरात होतं, मांसात खुपसलेली सुई त्याच्या फोनला आतली उष्णता कळवत होती आणि तो खुर्चीत बसून फोन बघत होता. मी आपली अर्ध्या पिंपात गवत रचतेय. त्याने विचारलं, "व्हेअर्स युअर थर्मामीटर?" मी पालथ्या मडक्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या भाषेत झकास, आणि मान हलवत गेला.

बारा वाजता माइकवरून "किया ओरा", स्वागत वगैरे झालं आणि आम्ही जाळ लावला. दीड वाजता परीक्षक येणार. तुमचा हिशेब मला पाठ होता, चाळीस मिनिटं, मग मडक्यावर पाण्याचा शिपका, चर्र झालं की पोपटी झाली! दरवर्षी तुम्ही हेच तर करायचात. मडक्याला कान लावल्यासारखं करायचं, बोटांनी पाणी उडवायचं, डोळे मिटायचे, आणि मोठ्याने "झाली!"

पण वारा! आपल्या मागच्या अंगणात कुंपण आहे, तिथे मोकळं मैदान. सगळा जाळ एका अंगाला पळायला लागला. मडक्याची एक बाजू काळीठिक्कर, दुसरी नुसती धुरकटलेली. मी पंधरा मिनिटांतच पाणी उडवलं, तर चर्र. गार बाजूला उडवलं, तिथेही चर्र. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तापलेल्या मडक्यावर पाणी टाकलं की चर्र होणारच की हो! त्यात पोपटीचा काय संबंध? मग तुम्हाला कळायचं कसं? एकदाही कच्ची निघाली नाही तुमची, मला आठवतंय.

आत कोंबडी. ती कच्ची राहिली आणि परीक्षकांच्या तोंडात गेली तर? मुक्ताला म्हटलं, नाव मागे घे. मला येत नाही हे. त्यांना यायचं, ते गेले, संपलं. आपण घरी जाऊ.

मुक्ता चिमटा घेऊन उभी होती. म्हणाली, "आई, बाबा चीटेड."

मी म्हटलं, काय?

"ही चेक्ड. एव्हरी टाइम. द पोटॅटो."

आणि मग तिने सगळं ओकलं. तुम्ही मला आत पाठवायचात ना, "अगं, ताटं आण, कांदा चिरून आण, लिंबं राहिली"? दरवर्षी, नेमकं शेवटी? मी आत गेले की तुम्ही फावड्याने मडकं जरासं कलतं करायचात, तोंडाचा पाला बाजूला करायचात, चिमट्याने एक बटाटा काढायचात आणि दोघं मिळून अर्धा अर्धा खायचात. कच्चा लागला तर पाला परत कोंबायचा, गवत घालायचं. मऊ लागला की मी ताटं घेऊन येईपर्यंत तुम्ही पाणी घेऊन तयार, डोळे मिटून!

अहो, मी बटाटे मोजून घालायचे! बारा घातले की अकरा निघायचे. तुम्हाला विचारलं की तुम्ही अगदी गंभीर चेहरा करून सांगायचात, "विरघळला असेल." आणि मी विश्वास ठेवला! शाळेत सायन्स शिकवलेली बाई मी. दरवर्षी एक बटाटा विरघळतो यावर वीस वर्षं विश्वास ठेवला.

मला हसू यायला हवं होतं, पण राग आला. खरं सांगते, वाईट वाटलं. सहा वर्षांच्या पोरीला सांगितलंत आणि मला नाही? मी स्वयंपाकघरात उभी राहून कांदा चिरतेय आणि बाहेर तुम्ही दोघं गरम बटाटा फुंकून खाताय. एकदा तरी मला हाक मारायची होतीत.

मी मुक्ताला तेच विचारलं. मला का नाही सांगितलं त्यांनी? ती जाळात काटकी सारत चक्क मराठीत बोलली. "बाबा म्हणायचे, आई हसली होती."

तेव्हा मला आठवलं. पहिलं वर्ष. आपण नुकतेच इथे लोअर हटला आलो होतो, तुमच्या ऑफिसातले सगळे बोलावले होते, आणि कोंबडी आतून लाल निघाली होती. कच्ची निघाली होती हो तुमची, पहिलीच! आणि मी सगळ्यांसमोर हसून म्हणाले होते, "यांच्या हातून होत नाही, आणा इकडे, गॅसवर करते." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी पुढच्या मिनिटाला विसरूनही गेले. तुम्ही वीस वर्षं नाही विसरलात?

बोलायचं तरी होतंत हो. मी काय वाघीण होते?

असो. मी डोळे पुसले, धूरच इतका होता. मुक्ताने फावड्याने मडकं कलतं केलं, मी पाला सारला आणि पहिला बटाटा काढला. दाताखाली करकर वाजला. म्हणजे पाण्याच्या भरवशावर मडकं उघडलं असतं तर शोभाच झाली असती! पाला कोंबला, मडकं फिरवून गार अंग जाळाकडे केलं, ब्रेंटने त्याच्याकडचा पत्रा आणून आडोसा धरला. वीस मिनिटांनी दुसरा काढला. बोटाने दाबला तर साल सुटून आली. अर्धा तिला, अर्धा मला. जीभ भाजली माझी. ओव्याचा आणि त्या रानबडीशेपेचा वास थेट नाकात गेला आणि मला तुमची इतकी आठवण आली, इतकी आली की मी तो बटाटा गिळायलाच विसरले. मुक्ताने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. दोघी काजळीने माखलेल्या.

परीक्षक दोघे होते, एक उंच बाई आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ. मी पाला काढून मडकं रिकामं केलं, सगळा पसारा केळीच्या पानावर आला आणि आजूबाजूचे लोक जवळ सरकले. कोंबडी हाडापासून सुटत होती. ब्रॉड बीन्स सालासकट खायचे नाहीत हे कुणाला कळेना, मग मुक्ताने सोलून दाखवले. बक्षीस नाही मिळालं, ते आधीच सांगते. पहिला ब्रेंट आला. पण आमचं पान दहा मिनिटांत साफ झालं, आणि ट्रॉफी काखेत धरून ब्रेंट आमच्याच स्टॉलवर उभा राहून बोटं चाटत होता.

एक गंमत सांगायची राहिली. स्पर्धेच्या कार्डावर मुक्ताने सगळं लिहिलं होतं, कोंबडी एवढी, अंडी एवढी, बटाटे बारा. ती उंच बाई फार काटेकोर. पानावरचे मोजून म्हणाली, बारा लिहिलेत, इथे तर दहाच आहेत?

मी मुक्ताकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर संपलंच असतं. चेहरा तुमच्यासारखा गंभीर केला आणि म्हटलं, "दे मेल्टेड."

तिने ते लिहून घेतलं हो!

तर भांडण मिटलं. मडक्यात पुदिना लावणार नाही. तुमच्या त्या तारेवर अजून एक वेढा घालीन आणि पुढच्या वर्षी आपल्याच अंगणात पोपटी करीन, ऑफिसातल्या त्या सगळ्यांना बोलावून. आणि एक कबूल करते. ताटं, कांदा, लिंबं, सगळं आधीच बाहेर आणून ठेवीन. कुणालाही आत पाठवणार नाही.

तुमची,
सुनंदा