नितूच्या कानांचं

१४ जून १९९७
नितूला आज तेरावं इंजेक्शन (इं.), उजवीकडे. विषम आकडा उजवीकडे, सम डावीकडे, म्हणजे गोंधळ नको. एकूण साठ. सकाळी हॉस्पिटलात ड्यूटीवर जायच्या आधी मीच घरी देते.

मागच्या वर्षी साताऱ्यात असताना बरं वाटलं म्हणून तिसऱ्याच महिन्यात गोळ्या सोडल्या आमच्या भाऊरायांनी. या एप्रिलात रुमालात रक्त. टी.बी. परत. म्हणून आता गोळ्यांवर हे इं. पण. या वेळी मी मध्ये सोडू देणार नाही. मग रडो, चिडो, काही करो.

जिना चढला की त्याला दम लागतो, पण डबा पुरा करायचं चाललंच आहे. डबा म्हणजे ठोक्यांचं यंत्र. आतलं सगळं स्वतः जोडलंय, वरच्या बटणांना टूथपेस्टची टोपणं. धम् धम् धम् धम्, आणि वर झांजेची बारीक चिक् चिक्. याला टेक्नो म्हणतात. आई म्हणते, गिरण बरी. अण्णा मात्र आज बाजेवर बसून बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या मिलहाऊसमधी असाच ठोका असायचा रं. लय बरं वाटतंय."
अण्णांना एवढंच ऐकू येतं. साखर कारखान्यात तीस वर्षं टर्बाइनपाशी काढली. बाकीचं सगळं ओरडून सांगावं लागतं.

१९ जून
इं. १८. डा.
साताऱ्याहून मिलिंद आला. नितूचा तिथला खोलीतला जोडीदार. त्याचे मामा बोटीवर असतात, ते कॅसेटी पाठवतात. या वेळी सहा कॅसेटी आणि एक इंग्रजी मासिक. नितूनं मासिक नाकाला लावून वास घेतला आधी.

मिलिंद खिडकीपाशीच बसला. चहाला नको म्हणाला. मी सांगितलं, थुंकी तपासलीय, आता काही धोका नाही. तरी नकोच. नितूनं बघितलं.

दिवाळीनंतर साताऱ्यात एका हॉलमध्ये दोघांचा कार्यक्रम ठरवलाय. मिलिंदचा कीबोर्ड, याचा डबा. चाळीस मिनिटं, एकही गाणं म्हणायचं नाही. कोण येणार ऐकायला देव जाणे. बोलताना नितूच्या गालावर रंग आला होता. कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

२२ जून
रविवार. मासिकात एक पान तब्येतीवर आहे. अशी गाणी फार ऐकणाऱ्यांनी काय जपावं त्याचं. नितू वाचत होता, मी डिक्शनरी घेऊन बसले. तासभर ऐकलं की दहा मिनिटं कानांना विसावा. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नये. कापसानं भागत नाही, बुचं वापरावीत. पाणी पीत राहावं. त्यानं सगळं मराठीत लिहून भिंतीला चिकटवलं. जुन्या उशीतला स्पंज कापून बुचं केली, उकळलेल्या पाण्यात धुऊन वाळत घातली. मला हसू आलं.
"हसू नको ताई. मला अण्णांसारखं व्हायचं नाही."
अण्णा शेजारीच बसले होते. त्यांना ऐकू गेलं नाही.

२७ जून
इं. २६. वजन पावणेदोन किलो वाढलं. आईनं साखर वाटली शेजारी.

४ जुलै
इं. ३३. उ.
सुई काढताना म्हणाला, "ताई, दोन-तीन दिवस कानात कीर्र होतंय. रातकिडा बसल्यासारखं."
म्हटलं, हेडफोन बंद कर.
"बंदच आहे सोमवारपासून."
मग म्हटलं अशक्तपणा. अशक्तपणानं होतं तसं. त्याला पटलं.

५ जुलै
शनिवार, म्हणजे डॉ. ना आठवड्याचं सांगायचा दिवस. ते नेहमी विचारतात तसं विचारलं त्यांनी. भूक? वजन? चक्कर? कानाचं काही?
म्हटलं, "नाही सर."

का म्हटलं ते स्वतःपुरतं लिहून ठेवते. इं. थांबवतील ही भीती. एकदा औषध थांबलं की नितू काय करतो ते मागच्या वर्षी बघितलंय. त्या रुमालावरचा डाग आईनं तीनदा धुतला. सव्वीस राहिलीत. सव्वीस दिवस काय, बघता बघता जातील. कानातलं मग कमी होईल.

९ जुलै
इं. ३८.
ड्यूटीवरून आले तर आई माजघरात कानांवर हात ठेवून. "आगं, त्याला सांग की बाई. सुई खुपसल्यावानी लागतंय."
खरंच. खोलीत पाऊल टाकलं तर चिक् चिक् दातांत गेली. टेपच्या ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं. नितू डब्याचं झाकण उघडून आत बघत होता. म्हणाला, "झांज मेली गं. परवापर्यंत मस्त येत होती. पार्ट गेला बहुतेक. तुला येतीय का?"
"येतीय. थोडी."
थोडी म्हणाले मी.
त्यानं सोल्डरिंगचं पेन तापवलं आणि चांगला चाललेला पार्ट काढून दुसरा बसवला.

१२ जुलै
इं. ४१.
नर्सिंगच्या ट्रेनिंगचं पुस्तक ट्रंकेतून काढलं. या इं. चं पान माहीतच होतं. तरी वाचलं. कानाच्या नसेवर परिणाम. आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. लक्षण दिसताच डॉक्टरांना कळवावे. याच ओळीखाली मीच शाईनं रेघ मारलेली, परीक्षेच्या वेळी.
पुस्तक मिटलं. हात धुतले. बाटलीत पाणी भरलं, हलवलं, इं. ओढलं. उजवीकडे दिलं.
हात थरथरला नाही. त्याचंच वाईट वाटतंय.
शनिवार होता. डॉ. नी विचारलं. तेच उत्तर दिलं.

१५ जुलै
इं. ४४. परसात जाताना नितूचा तोल गेला. भिंत धरून उभा राहिला. "चक्कर नाही गं, पाय घसरला." जमीन कोरडी होती. तोही माझ्यापासून लपवतोय. घाबरलाय बहुतेक. की मला घाबरवायचं नाही म्हणून.

१८ जुलै
इं. ४७. शेवटचं.
सकाळी मनगटातलं घड्याळ काढून त्याच्या कानापाशी धरलं. म्हटलं, बघ रे, बंद पडलंय का. त्यानं नीट ऐकलं. दुसऱ्या कानाला लावलं. म्हणाला, "पडलंय. सेल घाल."
चालू होतं.
इं. तोवर दिलेलं होतं. आधी घड्याळ, मग इं., असं का नाही केलं मी.

हॉस्पिटलात गेल्या गेल्या डॉ. ना सांगितलं. सगळं. चार तारखेपासून. त्यांनी नितूचा केसपेपर पुढे ओढला. मग म्हणाले, "सिस्टर, याच्या बदली देण्यासारखी गोळी आहे. त्याच दिवशी बदलली असती."
बदलली असती.
मला वाटत होतं, एकीकडे फुप्फुस आणि एकीकडे कान. दोन्ही वाचवता येतात हे मला माहीतच नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.
ते रागावले नाहीत. "तुम्ही घरच्या, म्हणून तुमच्यावर सोपवलं होतं," एवढंच. मी ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

१९ जुलै
घरी सांगितलं, इं. संपली, डॉ. नी लवकर बंद केली. नितू म्हणाला, "सुटलो बाबा." आईनं शिरा केला. मी पण खाल्ला.

२ ऑगस्ट
मिरजेला नेलं कानाच्या तपासणीला. काचेच्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला पटापट बोट वर. मग थांबला. नुसता बसून राहिला, समोर बघत. तपासणाऱ्या बाईंच्या यंत्राचा काटा हलतोय, नितूचं बोट मांडीवर. मला वाटलं काचेवर टकटक करून सांगावं, वर कर, वर कर.
आलेख डावीकडून सरळ येतो आणि उजवीकडे एकदम खाली. कडा कोसळल्यासारखा. दोन्ही कान सारखेच.
आणखी जाईल का? बाई म्हणाल्या, औषध बंद केल्यावरही काही दिवस उतरतं कधी कधी. परत येईल का? येत नाही बहुधा. नोव्हेंबरात परत तपासू.

एस.टी.त त्यानं आलेख मांडीवर उघडला. त्याला आलेख कळतात, इलेक्ट्रॉनिक्सच तर शिकलाय. बोट ठेवून म्हणाला, "झांज इथं असते." सांगली येईपर्यंत बोट तिथंच होतं.
घरी येऊन भिंतीवरचा कागद काढला. फाडला नाही. घडी करून मासिकात ठेवला.

११ ऑगस्ट
आज विचारलं. आई देवळात, अण्णा झोपलेले. मी भाजी निवडत होते.
"ताई, डॉक्टर परवा म्हणाले, वेळेवर कळलं असतं तर. मी तर तुला सांगितलेलं."
"हो."
"मग तू त्यांना कधी सांगितलंस?"
खोटं तयार होतं तोंडात. दहा तारखेला म्हणणार होते. पण तो माझ्या ओठांकडे बघत होता. हल्ली तसंच बघतो. म्हटलं, "अठराला."
त्यानं बोटांवर मोजलं. "चौदा इंजेक्शनं."
"तू परत औषध सोडशील असं वाटलं मला."
"मला विचारायचं होतंस. चॉईस माझा होता की नाही?"
आवाज चढवला नाही. उठून खोलीत गेला. भाजी निवडली मी. मेथी होती. देठं भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकली, आईनं आल्यावर बघितलं.

२४ ऑगस्ट
तेरा दिवस माझ्याशी बोलत नाही. गोळ्या माझ्या हातून घेत नाही, आईकडून घेतो. घेतो पण. लघवीचा रंग लाल-केशरी असतो त्या गोळीनं, त्यावरून मला कळतं. असलं बघत बसते मी.
अण्णांनी आज अंगणात बोलावलं. त्यांना आईनं सांगितलंय. म्हणाले, "तू तुज्या परीनं केलंस." मग उठताना, "पर पोराचं लय वाईट झालं."
दोन्ही खरं.

७ सप्टें.
मिलिंद आला. तालीम केली दोघांनी. जाताना मला फाटकापाशी गाठलं. "ताई, ह्यानं वरचा आवाज एवढा ठेवलाय की बसवत नाही. लोक उठून जातील. मी कसं सांगू त्याला?"
म्हटलं, तूच सांग.
"तुम्हीच सांगा की."
कोणीच सांगितलं नाही.

५ ऑक्टो.
नितू साताऱ्याला निघून गेला. जुन्या टीव्ही-टेप दुरुस्तीच्या दुकानात परत घेताहेत म्हणे. खोली मिलिंदचीच. आईनं अण्णांकडे बघत पदर डोळ्याला लावला, "आवं, जानेवारीपतोर तरी थांबवा की त्याला." गोळ्या जानेवारी अखेरपर्यंत घ्यायच्या आहेत. नोव्हेंबर अखेरपर्यंतच्या बांधून पिशवीत ठेवल्या, वर सकाळ-संध्याकाळ लिहून. पिशवी उचलली त्यानं. माझ्याकडे बघितलं नाही.
एक्स-रे स्वच्छ आहे. डॉ. खूश होते.

२ नोव्हें.
दिवाळीला आला नाही. मिलिंदचं पत्र आलं, माझ्या नावावर. कार्यक्रम पुढं ढकललाय. नितू दुकानात रेडिओ-टेप दुरुस्त करतो, पण शेवटी आवाज तपासायला मालकाच्या पुतण्याला बोलावावं लागतं. खोलीवर आला की स्पीकरवर तळहात ठेवून बसतो. नवीन काहीतरी केलंय त्यानं, त्यात वरचं काहीच नाही. सगळं खालनं, जमिनीतनं आल्यासारखं. "चांगलं आहे ताई, पण ऐकून मला झोप लागली नाही."
गोळ्यांचं पत्रात काही नाही.

१७ नोव्हें.
काल साताऱ्याला जाऊन आले. पुढच्या महिन्याच्या गोळ्या द्यायच्या होत्या, आणि मिरजेच्या तपासणीची तारीख सांगायची होती. आईनं चकली-करंज्या दिल्या.
खोली तिसऱ्या मजल्यावर. चढून गेला असेल तर दम बरा असणार, असं मनात म्हणत मी चढले. मिलिंद एकटाच होता. मी विचारलं, गोळ्या घेतो का. "कपाट त्याचं, कुलूप त्याचं. मला दिसत नाही ताई." म्हणजे घरी असताना जे मला कळत होतं ते आता कुणालाच कळत नाही. मिलिंदला कसं सांगणार, लघवीचा रंग बघ म्हणून.

नितू दुपारी एक वाजता आला. हडकला नव्हता, एवढं मी आधी बघितलं. गाल तसेच. मला बघून दारातच थांबला, मग चप्पल काढली. पिशवी घेतली. करंजी खाल्ली. तपासणीची तारीख कागदावर लिहून दिली, ती खिशात ठेवली. येईन म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.
"खोकला?"
त्यानं मान हलवली, नाही.
मग म्हणाला, "अण्णांना म्हणावं, ऐकायला मजा येईल असं काहीतरी केलंय. पाठवतो." सव्वातीन महिन्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, तेही अण्णांना निरोप.

स्टँडवर सोडायला आला. खरं तर मी येऊ नको म्हटलं होतं. सांगली गाडी लागली, गर्दी, ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलेलं. खिडकीतनं वाकून विचारलं, "गोळ्या घेतोस ना रे रोज?" परत मोठ्यानं विचारलं. बाजूची बाई माझ्याकडे बघायला लागली.
त्यानं मान हलवली. हो अशी. गाडी मागे घेतली, वळली, तो धुरात दिसेनासा झाला.
ऐकू येऊन हलवली का नुसतीच, कराड येईस्तोवर तेच. ओठ बघितले होते का त्यानं? त्याच्या डोळ्यांवर ऊन होतं बहुतेक.

घरी आल्यावर आईनं चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "घेतोय न्हवं गोळ्या?"
म्हटलं, "घेतोय."