मागाच्या खोलीत मावेल एवढी लेन्स

५ जानेवारी २०२५, रविवार. मोहाडी

मावत नाही. म्हणजे नाहीच मावत!

पाठ भिंतीला टेकवली, डोकं कोनाड्यात घातलं, तरी बाबा दिसतात तेव्हा माग दिसत नाही, आणि माग दिसतो तेव्हा बाबांचा अर्धा चेहरा गायब. साकोलीच्या ताराचंदभाऊंनी स्टुडिओ आवरताना हा झेनिट माझ्या हातात दिला, तेव्हा वाटलं होतं आता फक्त बटण दाबायचं बाकी आहे. रशियन कॅमेरा, माझ्यापेक्षा वयाने मोठा, वजनाने पाटा. पण त्याची लेन्स अठ्ठावन्न मिलीमीटरची. ती चेहरा छान काढते. खोली काढत नाही.

बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, हातात धोटा. मी कोनाड्यातून बाहेर आले तर केसांत जाळं.

"तेजू, फोटो काढून राहिली का भिंत झाडून राहिली?"

हसू आलं, पण जीव लागत नाही कशात. मागावरचा उभ्या धाग्यांचा ताना संपला की बाबा माग सोडवून लाकडं काढून ठेवणार. कायमचा. पन्नास वर्षं कोसा रेशीम विणणारा माणूस! मागच्या दोन लुगड्यांत तुटलेला धागा हातभर तसाच विणला गेला. त्यांना दिसलाच नाही. मोतीबिंदू गेल्या वर्षीच काढला, डॉक्टर म्हणतात डोळे उत्तम. मग वयच, दुसरं काय. मीच म्हणाले, "बाबा, आता पुरे करा." ते लगेच हो म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

तान्यावर चार लुगडी उरलीत. एकेकाला दहा-बारा दिवस. तेवढ्यात मला तो एक फोटो हवाय. पूर्ण माग, आणि मागावर बाबा.

६ जानेवारी. साकोली

आठवीची मुलं प्रयोग लिहीत होती आणि मी वहीच्या मागच्या पानावर माझा प्रयोग. भिंतीपासून माग सहा फूट. माग साडेसात फूट रुंद. अठ्ठावन्नच्या लेन्समध्ये मावतात पावणेचार फूट — म्हणजे अर्धा माग! पस्तीसची घेतली तर सहा फूट. अठ्ठावीसची घेतली तर साडेसातच्या जरा वर. बस्स. अठ्ठावीस.

अश्विन म्हणतो, मोबाईलने काढ की. नवरा म्हणून ऐकून घेतलं. काढलाय मोबाईलने! कडेला माग केळ्यासारखा वाकलाय आणि बाबांचं डोकं पपई. शिवाय मोबाईल दिसला की बाबा लग्नातल्यासारखे ताठ बसतात. मला भिंतीवर लावायचा फोटो हवा आहे. हट्ट तर हट्ट.

११ जानेवारी

ताराचंदभाऊंकडे गेले. त्यांच्या मते मी उलटीकडून सुरुवात केली.

"पह्यले तोंड पाहा लागते, मंग काच. तुह्या कॅमेऱ्याले चुडीचं तोंड आहे. फिरवून बसते."

नागपूरच्या एका दुकानात अठ्ठावीसची आहे, पण ती खटक्याने बसणारी. मी म्हटलं, मध्ये रिंग टाकू. भाऊ डोळे मिटून हसले.

"मंग दूरचं धूसर होते, नाकासमोरची माशी निंगन फोटोत. बाबा नाई निंगनार. चुडीवालीच घे. तोंडाचा घेर बेचाळीस मिलीमीटर, ध्यानात ठेव."

वहीत लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं: ४२. बिचाऱ्या भाऊंनी जाताना चहा पाजला आणि लेन्स पुसायचं मऊ कापडही दिलं.

१९ जानेवारी

सापडली! कोलकात्याचे एक गृहस्थ जुन्या लेन्स विकतात. अठ्ठावीस, आट्यांचा माउंट, काचेवर बुरशी नाही. तीनदा विचारलं, बेचाळीसच ना? तीनदा हो म्हणाले. मागवली.

आईचा फोन — पहिलं लुगडं उतरलं.

२८ जानेवारी

लेन्स आली. काय सुंदर आहे! काच जांभळट चमकते, बोराएवढी.

दीड वळसा फिरली आणि अडकली.

काढली, पुसली, परत लावली. दीड वळसा. खोबरेल तेलाचं बोट लावावंसं वाटलं, देवाने वाचवलं. अश्विन म्हणाला, जरा जोर दे. त्याच्यावर एवढी ओरडले की शेजारच्या सुशीलाबाई दारात आल्या. गृहस्थ फोनवर म्हणतात, बेचाळीस आहे, मोजून बघा. मोजलं. बेचाळीसच आहे!

रडू आलं. लेन्सवर कोणी रडतं का?

२ फेब्रुवारी, रविवार. मोहाडी

बाबांना दाखवायची नव्हती. पिशवीतून आईने काढली.

बाबांनी दोन्ही लेन्स मांडीवर घेतल्या. बघितल्या नाहीत, नुसता अंगठा फिरवला. आधी जुनीच्या आट्यांवर, मग नवीच्या.

"हे दोघी एका घरच्या नाईत."

मी म्हटलं, बाबा, माप एकच आहे.

"घेर एकच आहे. फणी येगळी आहे."

मागाच्या फणीत एका इंचाला किती घरं, हे बाबा बोटाने सांगतात. पण पितळेच्या आट्यांवर? त्यांनी कोशाचा धागा तोडला, आट्यांच्या खाचेत गुंडाळला. मग नखाने माप धरलं. जुनीवर तीन वेढे. तेवढ्याच जागेत नवीवर चार.

"नवी बारीक फणीची आहे. दीड फेरा जाईन अन् दातावर दात चढन. जोर नोको लावजो, दोन्ही मरतीन."

मी एम.एस्सी. केलंय. पट्टी घेऊन घेर मोजत बसले होते. आट्यांमधलं अंतर मोजायचं सुचलंच नाही. आणि जो माणूस धागा दिसत नाही म्हणून माग सोडतोय, त्याने बसल्या जागी दोष सांगितला. "बाबा, तुम्ही ग्रेट आहात," म्हटलं. ते म्हणाले, "बोटं आहेत अजून," आणि खड्ड्यात उतरले. 

३ फेब्रुवारी

ताराचंदभाऊंनी कपाळावर हात मारला. तशी बारीक चुडीची लेन्स असते म्हणे, त्यांच्या डोक्यातूनच गेलं. पण हिला रिंग चालते. आतून बारीक, बाहेरून जाड. आणि दूरचंही फोकस होतं.

मागवली. पंधरा-वीस दिवस. बाबांचं तिसरं लुगडं अर्ध्यावर आलंय.

९ फेब्रुवारी

रिंग नाही. यावेळी मोहाडीला गेले नाही. काय तोंड घेऊन जाऊ?

१४ फेब्रुवारी

आईचा फोन, कुजबुजत.

"तुहे बाबा चार बोटं विणतेत अन् बसून राह्यतेत. काहून, म्हटलं, तं म्हणतेत, तेजूची रिंग येऊ दे. मले सांगू नोको म्हणलं होतं."

हा माणूस जन्मात कधी माझ्या शाळेत आला नाही, कधी शाबासकी दिली नाही. आणि आता माझ्यासाठी हात आखडून विणतोय. फार लाडके आहात बाबा. समोर कधी म्हणणार नाही, म्हणून इथे लिहिते.

१७ फेब्रुवारी

बाबांचा फोन! ते स्वतः फोन कधीच करत नाहीत. वाटलं काही झालं.

"तुह्या जुन्या काचेनं अख्खा माग घ्याचा असन तं किती दूर उभं राहा लागते?"

"बारा-तेरा फूट तरी. म्हणजे भिंतीच्या पलीकडे, मागच्या सांदवाडीत, पेरूच्या झाडाखाली. कायले विचारता?"

"बरं." ठेवला.

२१ फेब्रुवारी

रिंग आली!! लेन्सवर बसली, लेन्स कॅमेऱ्यावर बसली. पूर्ण फिरली, कट्ट करून थांबली. मी स्वयंपाकघरात नाचले. अश्विनने सुद्धा टाळ्या वाजवल्या, आणि "मोबाईल" हा शब्द काढला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. मोहाडी

काय लिहू?

मागाच्या खोलीत पाऊल टाकलं तर समोर पेरूचं झाड. खोलीत! दोन मिनिटं कळेचना. मग कळलं — मागची भिंत नाही. दोन खांबांच्या मधली पुरी सहा फूट मातीची भिंत गेलेली. सांदवाडीत विटामातीचा ढीग, ढिगावर कोंबड्या. माझा चुलतभाऊ मनिष फावड्यावर टेकून हसत होता. दोघांनी तीन दिवसांत पाडली म्हणे.

"छत खांबावर आहे, भिंत नुसती आडोशाची होती," बाबा म्हणाले. "तू म्हणत होती ना, जागा नाई म्हणून? आता जाय किती दूर जाचं तं."

मी पिशवीतून रिंग लावलेली लेन्स काढून दाखवली. बाबांनी लेन्सकडे पाहिलं, भिंत होती तिकडे पाहिलं. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग मनिष, मग बाबा. बाबांना असं हसताना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं!

आईने चहा ठेवला तो पूर्ण उतू गेला.

दोन्ही लेन्सनी काढले फोटो. नवीने खोलीतून, जुनीने पेरूखालून. बाबा शेवटच्या लुगड्याचा पदर विणत होते. मी "इकडे बघा" म्हटलं नाही, आणि त्यांनीही बघितलं नाही. मान खाली, धोटा इकडून तिकडे. मधेच थांबले, एक धागा उचलला, गाठ मारली, पुढे विणायला लागले. पदराला हातभर उरलंय. बुधवारी शिवरात्र, गुरुवारी मनिष माग सोडवायला येणार.

येताना बसमध्ये कॅमेरा मांडीवर धरून बसले. भंडारा गेलं कधी, कळलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. साकोली

आईचा फोन. मनिष सकाळी हातोडी घेऊन आला होता. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि नव्या तान्याचा कोसा आणायला भंडाऱ्याच्या बसमध्ये बसले. जाताना आईला एवढंच म्हणाले, "भिंत गेली तवापासून मले धागा दिसून राहिला."

डोळे गेलेच नव्हते. खोलीत उजेड नव्हता. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना म्हातारं ठरवलं होतं.