त्रेपन्नातली जागा

२० ऑगस्ट, रविवार

काल जिंकलो. आमच्या अमेरिकन फुटबॉलवाल्यांचा सराव सामना! गुणतक्त्यात त्याला कुणी विचारतसुद्धा नाही. आणि पडला केवढ्याला? पुढच्या फळीतल्या डाव्या टॅकलचा गुडघा — अख्ख्या मोसमासाठी गेला. माझा घसा. बायकोच्या — डॉलीच्या — आईच्या सेटमधली शेवटची बशी. बशी मी उडवली, गुडघा प्रशिक्षकाने. एवढा मोलाचा माणूस, त्याला असल्या फालतू सामन्यात उतरवतात?

पण खरा भुर्दंड पुढेच आहे. नव्वद पोरांतून त्रेपन्न ठेवायची, बाकीच्यांना नारळ. टॅकल गेला म्हणजे त्याच्या जागी दोन धिप्पाड गडी धरून ठेवणार — एकावर कोण विसंबतो? मग एक जागा कापायची कुठून? मागून. बचावाच्या शेवटच्या फळीतून, सेफ्टींमधून. त्या फळीत सहावा कोण? टेव्हिन.

आमच्या ड्युइटचा टेव्हिन.

भाड्याच्या शेडमध्ये मी गिअरबॉक्स उघडायला सुरुवात केली तेव्हा पहिला आला तो ड्युइट पर्नेल. आज तीन शेड आहेत आणि पाटीवर माझं नाव आहे, पण अवघड गाडी आली की गिऱ्हाईक ‘एमिल कुठाय’ असं विचारत नाही, ‘ड्युइट कुठाय’ असं विचारतं. त्याच्या पोराला, तो माझ्या छातीएवढा होता तेव्हापासून, मी पळताना बघितलंय. आणि आता या बशीफोड्या सामन्यात —

उद्या कामावर एक अक्षर बोलायचं नाही. शिबिर सुरू झाल्यापासून ड्युइट पोराचं नावच घेत नाही. दृष्ट लागेल म्हणून. ‘तो’ म्हणतो.

२२ ऑगस्ट

बेसबॉलवाल्यांनी पुन्हा माती खाल्ली. सहा डाव पोरगा सुरेख फेकत होता, त्याला काढला आणि आणला तो डावखुरा — ज्याच्या चेंडूचा वेग मी जेवणानंतर चालतो त्यापेक्षा थोडाच जास्त! वर चेंडू झेलायला तीन कॅचर सांभाळतायत. तिसरा कॅचर कशाला पाहिजे? बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडायला?

ड्युइट गाडीखालून म्हणाला, ‘बॉस, तुला मॅनेजर केला असता तर बरं झालं असतं.’

‘का रे?’

‘एक तरी दिवस तू इथे नसतास.’

पोरं खोखो हसली. मीही. पण तोच नट त्याने तीनदा आवळला. मी मोजत नव्हतो, ऐकत होतो.

२६ ऑगस्ट, शनिवार

शेवटचा सराव सामना. टेव्हिनला एकदाही आत घेतलं नाही! एकदाही! अख्खा सामना बिचारा हेल्मेट घालून कडेला उभा. ज्यांची नावं त्यांच्या आयांना नीट येत नसतील अशी पोरं खेळली, आणि हा उभा.

ड्युइटच्याच घरी बघत होतो. त्याच्या बायकोने, ओडेसाने, कोंबडीच्या पंखांची परात मध्ये ठेवली होती, कुणी हात लावला नाही. टेव्हिनची बायको इमानी पाय वर घेऊन कोचावर. पुढच्या महिन्यात बाळ. ती म्हणाली, ‘पाय दुखावला असेल का त्याचा?’ ड्युइट उठून अंगणात गेला.

मग टीव्हीवर प्रशिक्षक पत्रकारांशी बोलायला आला. एरवी हा माणूस पाणी देणाऱ्या पोराचंही कौतुक करतो. कुणीतरी टेव्हिनबद्दल विचारलं. म्हणाला, ‘चांगला मुलगा आहे. पुढचा प्रश्न.’

बस्स! तिथेच मला कळलं. गिअरबॉक्स असो नाहीतर प्रशिक्षक, आवाज ऐकला की आत काय चाललंय ते मला समजतं. अंगणात जाऊन ड्युइटचा दंड धरला.

‘अरे, झाकतायत त्याला!’

‘म्हणजे?’

‘म्हणजे त्रेपन्नात जागा उरली नाही, पण सोडायचाही नाही. मंगळवारी कापतील. कापलेला पोरगा बुधवार दुपारपर्यंत उघड्यावर. तोवर दुसरा कुठलाही संघ उचलू शकतो. पण ज्याला कुणी बघितलाच नाही त्याला उचलणार कोण? मग गुपचूप आपल्याच सरावाच्या संघात, त्रेपन्नाबाहेर, परत! पोरगा इथेच, घरीच. बाळाच्या वेळेला इमानीजवळ.’

ड्युइट म्हणाला, ‘खात्री आहे?’

‘लिहून देऊ?’

आत जाऊन त्याने पंख खाल्ले. मला बघून ओडेसा हसली. फार बरं वाटलं.

२८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी रेडिओला फोन केला. पंधरा वर्षं करतोय — ‘गिअरबॉक्सवाला एमिल’ म्हटलं की या गावात टॅक्सीवालाही आवाज वाढवतो. फोन घेणारी बेव्ह म्हणाली, ‘लाइन भरल्यात एमिल. तू बोल, मी रेकॉर्ड करते. आजच्या बेसबॉलनंतरच्या कार्यक्रमात लावू.’ तेव्हा तर सगळेच ऐकतात, म्हटलं उत्तम!

आणि काय बोललो मी! आधी टॅकलवरून प्रशिक्षकाला धुतला. मग चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक — चेंडू हातात असा धरून उभा राहतो जसा कुणी बसची वाट बघतोय. आणि शेवटी टेव्हिन. नाव घेऊन. ‘या शिबिरातला सगळ्यात तल्लख सेफ्टी त्यांनी झाकून ठेवलाय, मंडळी! टेव्हिन पर्नेल, लक्षात ठेवा!’ बोलताना अंगावर काटा आला माझ्याच.

दुपारी डॉलीला घेऊन मैदानावर. पावसात राहून गेलेला सामना आज भरून काढत होते, तर आज पुन्हा पाऊस! छपराखाली बसून सॉसेज खाल्ले. मग खेळ सुरू झाला तो संपेचना. बरोबरी, पुन्हा बरोबरी. जादा डावात दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू उभा करायचा हा नियम कुणी काढला, त्याला माझ्यासमोर आणा! हरलो ते हरलोच. घरी पोचलो तेव्हा डॉलीचे बूट हातात.

२९ ऑगस्ट, मंगळवार

कापलं.

टेव्हिनचा फोन ड्युइटला जेवायच्या आधी आला. ड्युइट ‘हं’, ‘हं’ म्हणाला आणि परत गाडीखाली गेला. मी वाकून म्हटलं, ‘ठरल्यासारखंच चाललंय. उद्या दुपारपर्यंत दम धर.’ खालून अंगठा वर आला.

घरी येऊन मोठ्या ऐटीत डॉलीला सगळं सांगितलं. झाकणं, उचलणं, रेडिओ. ती बटाटे सोलत होती. सुरी थांबली.

‘थांब. ते त्याला झाकतायत कारण दुसऱ्या संघांना कळू नये.’

‘बरोबर.’

‘आणि तू ते रेडिओवर सांगितलंस.’

...

मीच ड्युइटला कितीदा सांगितलंय — प्रत्येक संघात कुणीतरी कानाला यंत्र लावून बसलेला असतो, दुसऱ्या गावांचे रेडिओ ऐकत. त्यांचं कामच ते!

झोप कुठली.

३० ऑगस्ट, बुधवार

बारा वाजून गेले. फोन नाही. मी श्वास सोडला. आणि मग वाजला.

ॲरिझोना! देशाच्या दुसऱ्या टोकाला! संध्याकाळच्या विमानाने निघायचं, उद्या सकाळी मैदानावर हजर. ड्युइट फोन खिशात ठेवून म्हणाला, ‘त्रेपन्नात घेतलाय त्यांनी. पक्का.’ चेहरा असा की हसावं की काय करावं ते त्यालाच ठरवता येत नव्हतं. पोरांनी पाठीवर थापा मारल्या. तेवढ्यात ओडेसा आली, सरळ कामावरून, दवाखान्याच्या स्वयंपाकघराचा ॲप्रन तसाच. रडून आलेली.

‘तू म्हणाला होतास घरी राहील. लिहून देतो म्हणालास.’

गप्प बसलो असतो तर चाललं असतं. नाही बसवलं. सांगून टाकलं — रेडिओ, नाव, सगळं.

ती मला कायम एमिल म्हणते. आज म्हणाली, ‘मिस्टर हरोवात, तुम्हाला तोंड मिटता येत नाही म्हणून माझी सून एकटी बाळंत होणार?’

ड्युइट परत गाडीखाली गेला. संध्याकाळी हात धुतले आणि जाताना हत्यारांच्या पेटीला कुलूप लावलं.

आमच्या धंद्यात मेकॅनिकची पेटी त्याची स्वतःची असते. ती चाकांवर ढकलत दाराबाहेर गेली की माणूस गेला. पण कुलूप? माझ्या शेडमध्ये ड्युइटच्या पेटीला कधी कुलूप नव्हतं. पोरं त्यातून पाने घेतात, परत ठेवतात. आज पोरं त्या कुलपाकडे बघत होती आणि मी माझ्या बुटांकडे.

२ सप्टेंबर

‘हो.’ ‘नाही.’ ‘झालं.’ तीन शब्दांत ड्युइटने तीन दिवस काढले.

५ सप्टेंबर

पूर्वेकडच्या मोठ्या गॅरेजवाल्याने ड्युइटला बोलावलंय म्हणे. पोरं कुजबुजत होती. त्यांना वाटतं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. सगळं ऐकू येतं. पेटीच्या चाकांना त्याने आज तेल घातलं तेही ऐकलं. किरकिर बंद झालीय.

त्याला थांब म्हणायला गेलो आणि ‘ऑइल मागवलंस का’ विचारून परत आलो.

७ सप्टेंबर

मुलगी! इमानीला कळा सुरू झाल्या तेव्हा ड्युइटची गाडी दुरुस्तीला उघडलेली, म्हणून आमच्या टो-ट्रकमधून तिला नेलं. टेव्हिनने फोनवर बघितलं. विमान मिळेना, आणि रविवारी पहिला सामना. हे सगळं डॉलीकडून कळलं. मला कुणी सांगितलं नाही.

१० सप्टेंबर, रविवार

पहिला रविवार. आपले जिंकले आणि मला बघायचं भान नव्हतं — कोपऱ्यावरच्या बारमध्ये मालकाला विनवण्या करून एका टीव्हीवर ॲरिझोना लावून घेतलं. सगळे माझ्यावर भुंकत होते.

आधी किकनंतरच्या धावपळीत दिसला. पहिल्यालाच आडवा केला गडी! मग खेळाच्या तिसऱ्या पाव भागात त्यांचा पहिल्या पसंतीचा सेफ्टी लंगडत बाहेर, आणि आत कोण? टेव्हिन! पहिल्याच खेळीला त्यांनी याच्याच डोक्यावरून चेंडू टाकला. नव्या पोराला सगळे असंच चाचपतात. वळायला उशीर झाला असं वाटलं. झाला नव्हता! दोन बोटं लावली. चेंडू गवतात.

मी एवढ्यांदा ओरडलो की बारवाला म्हणाला, ‘तुझा कोण लागतो रे तो?’

काय सांगू? म्हटलं, ‘पार्टनरचा मुलगा.’ पार्टनर अजून आहे की नाही, देव जाणे.

११ सप्टेंबर

ड्युइट आला. पेटीजवळ उभा राहिला. किल्ली काढली, कुलूप काढलं, कचऱ्यात टाकलं.

‘बघितलास?’

‘बघितला.’

‘वळला कसा!’ बस्स. मग दोघेही उगाचच एका इंजिनाकडे टक लावून बघत राहिलो.

नंतर बोलला. पूर्वेकडे तो जाणारच होता. आजची तारीखही दिली होती. पण काल रात्री टेव्हिनचा फोन. इथे असतो तर सरावाच्या संघात भुशाच्या बाहुलीला टक्कर देत बसलो असतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात इमानीला आणि बाळाला तिकडे नेतोय. ‘एमिल अंकलला सांगा, त्यांच्या तोंडाचे उपकार.’

१२ सप्टेंबर

ओडेसाने रताळ्याचा गोड, भट्टीत भाजलेला ‘पाय’ पाठवला. अख्खा! वर चिठ्ठी — ‘एमिलसाठी.’ मिस्टर नाही.

१४ सप्टेंबर

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगणार आहे म्हणे ओडेसा. ड्युइट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोच आहे — ‘आमचा पोरगा खेळतोय तो बॉसच्या एका फोनमुळे.’ आधी मी ‘छे छे’ म्हणायचो. आता नाही म्हणत. का म्हणू? इथे क्लीव्हलंडमध्ये बसून एक माणूस बोलतो आणि ॲरिझोनात खुर्च्या हलतात! किती जणांना जमलंय हे? आज एका पोस्टमनला थांबवून सांगितलं. त्याची पत्रं वाटायची राहिली.

डॉली म्हणाली, ‘आता पुरे.’ तिला खेळातलं काय कळतं? आता तो तिसरा कॅचर. एक फोन केला तर महिनाअखेर जाईल.

१५ सप्टेंबर

कॅचरसाठी फोन लावला. बेव्हच होती. म्हणाली, ‘बरं झालं केलास. तुझं ते ऑगस्टमधलं अजून इथेच पडलंय, पुसू का?’

म्हटलं, वाजवून झालं ना ते?

‘कुठलं रे! त्या दिवशी मॅच एवढी लांबली, कार्यक्रमच रद्द झाला. वाजलंच नाही ते.’