आधी समोरच्याचं

३ फेब्रुवारी, रविवार
कच्-कच्, कच्-कच्! पहाटे जाग आली ती स्वप्नातल्या याच आवाजाने. विडीच्या पानांवर चालणाऱ्या कात्र्या. कारखाना बंद होऊन किती वर्षं लोटली! लहानपणी मी तिथे कामगारांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचो. मुद्दा भारी निघाला की सगळ्या कात्र्या एकदम थांबायच्या. तशी दाद कुठल्या कवीलाही मिळाली नसेल.

वाचनालयातला आमचा रविवारचा वाद त्या कारखान्यातूनच आलेला. नियम एकच – आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं. त्याने मान हलवली, तरच आपलं.

आज वाद झालाच नाही. काल चौकातला झेंड्याचा खांब कुणी कापला, त्यावरून मारामारी झाली. सुकेशन उभा राहिला – माझा विद्यार्थी, आता त्या झेंड्याच्या पक्षाचा गावातला सचिव. "हे अच्युतनच्या पक्षाचं काम. आजपासून त्याला इथे बाक नाही."

"सुकेशनचा भाऊ इस्पितळात पडलाय," कुणीतरी पुटपुटलं.

मी विचारलं, "खांब कापताना पाहिलं कुणी?"

"पाहायला कशाला हवं, माश?" सुकेशन म्हणाला. सगळं गाव मला अजून माश, म्हणजे मास्तर, म्हणतं.

अच्युतनने चष्मा पुसला, छत्री घेतली, निघून गेला. माझा जन्माचा मित्र!

५ फेब्रुवारी
ठरलं. रविवारचा वाद माझ्या ओसरीवर. अच्युतनसकट.

७ फेब्रुवारी
दूधवाली नारायणी कुंपणाबाहेरूनच – "उद्यापासून नाही जमायचं, माश. आम्हाला गावात राहायचंय."

टपरीवर बसलो, तर बाक रिकामा झाला. चहावाला कुञ्ञंबू हळूच म्हणाला, "तुमच्याशी बोललो, तर मला खांदा द्यायला तुम्ही एकटेच उराल माश – आणि तुमची कंबर तर ही अशी!"

हसलो. घरी येऊन दाराला कडी घातली. दिवसाढवळ्या!

९ फेब्रुवारी
अच्युतनचा फोन. "येत नाही रे. आमचे लोक म्हणतात, त्या माशकडे बसलास तर तू आमचा नाहीस."

दोन्हीकडून तेच! मग एकटा बसेन. कविता म्हणेन. फणसाला तरी ऐकू जातील.

१० फेब्रुवारी, रविवार
बाक मांडले. फाटक वाजलं – सुकेशन! रस्त्यावर मोटारसायकलवर त्याच्या पक्षाचे दोघे थांबलेले.

त्याने चपला काढल्या. समोर बसला. "आधी तुमचं सांगतो, माश. पुराव्याशिवाय दोष देऊ नये. आणि भांडलो, तरी माणसाची बसायची जागा काढून घेऊ नये. बरोबर?"

माझी मान हलली. इतकं नेमकं मलाही जमलं नसतं.

"आता माझं सांगा."

तोंड उघडलं. "तुझा भाऊ–" एवढंच निघालं. त्याचा भाऊ कसा आहे, एवढंसुद्धा मी आठवडाभर कुणाला विचारलं नव्हतं.