जेऊरच्या शेतात चावलेलं घर

अण्णा, सर्वप्रथम तुमच्या टेस्टरबद्दल गंभीर तक्रार नोंदवतो. सोलापूरच्या उन्हात त्याचा दिवा लागलाय की नाही ते दिसतच नाही. ओंजळीत धरून, एक डोळा मिटून, समाधी लागल्यासारखं बसावं लागतं. जन्मभर वायरमनचं काम केलंत, पण मुलासाठी जरा ठळक दिव्याचा टेस्टर काही मागे ठेवला नाहीत.

तो टेस्टर बाहेर काढावा लागला तुमच्या नातीमुळे. तिनं जुनी मिनीबस घेऊन फिरतं घर केलंय. आत पंखा, छोटा फ्रिज, बॅटरी. मुक्कामाला केबल टाकून कुणाच्या तरी बोर्डावरून वीज घ्यायची. पहिली चाचणी जेऊरला, चुलतभावाच्या शेतावर. मोटारीच्या खोलीतून वीज घेतली, आत सगळं झकास. तेवढ्यात वहिनी अनवाणीच चहा घेऊन आल्या, दाराला हात लावला आणि किंचाळल्या, "अगं आई गं! भावजी, तुमचं घर चावतंय की वो!" भाऊ म्हणतो, "मास्तर, म्हणा की दोन श्लोक, शांत हुईल." मी आधी प्लग उपटला. आतली एक वायर पत्र्यावर घासून सोलली होती, आणि बोर्डाचं तिसरं भोक नुसतं शोभेचं, मागे अर्थिंगची तारच नाही. गाडी रबरी टायरांवर, म्हणून आत आम्हाला काही कळलं नाही. जमिनीवर उभं राहून हात लावील त्याच्या अंगातून वीज वाट काढते. धुरावरून अग्नी ओळखावा, असं मी वर्गात शिकवतो. इथं धूरच नव्हता.

वायर बदलली, तिथल्या वायरमनकडून अर्थिंग करून घेतलं, गळती होताच वीज तोडणारा स्विच गाडीत बसवला. लेकीकडून तुमचे नियम घोटून घेतले: केबलचं भेंडोळं पूर्ण उलगडायचं, नाहीतर तापतं, आधी गाडीकडचं टोक जोडायचं, मग बोर्डाकडचं. ती हसली, "बाबा, आजोबा पण असेच ओरडायचे?"

तुम्ही ओरडायचा नाहीत. प्लग हातात घेतला की अजून मागून ऐकू येतं, "मेन काढलास का रे?" त्या दिवशी नातेपुत्याला फिरत्या दवाखान्याच्या गाडीत तुम्ही वायर जोडताय. मी नोकरीला नवा मास्तर, सुट्टीत सोबत आलेला, मेन स्विचजवळ सावलीत उत्तरपत्रिका तपासतोय. तुम्ही विचारता, मी म्हणतो, "काढलाय की." मग तुम्ही जमिनीवर. उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. आईला सांगितलंत, "माझीच चूक झाली." पुढं कित्येक वर्षं उरलेल्या बोटांनी तुम्ही भाकरी मोडायचात आणि मी माझ्या ताटात बघायचो.

उद्या लेक एकटी निघतेय. गाडी मी तीनदा तपासली, गाडीची काळजी नाही. पण कुठल्याशा अंगणात ती विचारील, "अर्थिंग आहे ना?" आणि कुणीतरी मान वर न करता म्हणेल, "हाय की." त्या माणसाची मला भीती वाटते, अण्णा. मीही मान वर केली नव्हती. मेन चालूच होता.