तुझा खोकला विकणारी माणसं

आये,

तुला वाचता येत नव्हतं. त्यामुळे तू असतीस तरी हे मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि दुसऱ्याच पानावर तू म्हणाली असतीस, "बास झाला गो, कालवन खाली लागतंय." तरी लिहायला बसले, कारण परवा बेलापूरला काम होतं आणि त्या औषधाच्या दुकानावरून गेले. आता त्याला काचेचं दार आहे, आत थंडगार हवा आहे, आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की आम्ही तुमच्या आरोग्याची काळजी कुटुंबासारखी घेतो. गल्ल्यावर तोच बसलाय. केस गेलेत, पोट आलंय, कपाळावरचं गंध तसंच. एका म्हातारीशी तो हात जोडून, मान वाकडी करून, गोड हसत बोलत होता. ते जोडलेले हात बघून मला किळस आली, ताटाच्या कडेने गोगलगाय सरकताना दिसावी तशी. वाटलं, ही किळस इतकी वर्षं कुणाला नीट सांगितलीच नाही. तुझ्याशिवाय ती कुणाला कळणारही नाही.

बाबा गेले, जमीन तर त्याआधीच शहराने घेतली होती, आणि मिळालेले पैसे काकालोकांच्या गाड्यांत आणि दोन लग्नांत उडाले. तेव्हा तू ओटीवर बाकं टाकून खानावळ काढलीस. नेरूळच्या आपल्या गावात, चारी बाजूंनी बिल्डिंगा उठत असताना, तेवढं एक कौलारू घर आणि त्यातून येणारा तळलेल्या बोंबलांचा वास. तळोज्याच्या कारखान्यांतले ऑपरेटर, उरणच्या कंटेनर यार्डातले क्लार्क, साइटवरचे सुपरवायझर, सगळी घरापासून लांब राहणारी माणसं. तुला काकी म्हणायची. तू चुलीजवळून त्यांना बघायचीस. कोण भात टाकून उठतो, कोणाचा हात मिठाकडे जातो, कोण पोट धरून बसतो. त्या चष्मेवाल्या क्लार्कला प्रेशर आहे हे तुला त्याच्या तोंडून कळलं नव्हतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्याचं तो मित्राला कुजबुजला ते तू ऐकलंस. दुसऱ्या दिवसापासून त्याचं कालवण वेगळ्या टोपात. मी विचारलं, तर डोळे वटारून म्हणालीस, "तुला काय करायचाय? जेवनार तो." त्याला स्वतःलाही कधी कळलं नसेल.

मग तुलाच खोकला सुरू झाला. मी तेव्हा वाशीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. आधी तू मिरचीच्या ठसक्यावर ढकललंस, मग धुरावर, मग रात्री घाम यायला लागला आणि झंपर ढगळ झाले. वाशीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, आणि दार लावून घेऊन सांगितलं. टीबी. गोळ्या नियमित घेतल्या की बरं होणार, पण काही दिवस दुसऱ्यांसाठी रांधायचं नाही. तू एकच विचारलंस, "कधी रांदू ते तुमी सांगनार ना?" घरी येऊन तू खानावळ बंद केलीस. कौलं बदलायची आहेत म्हणून सांगितलंस, आणि खोटं नको म्हणून खरोखरच माणसं लावून कौलं बदलून घेतलीस. डॉक्टरांनी पुन्हा तपासून "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही" म्हटल्यावरच चूल पेटली. गोळ्या मात्र पुढे बरेच महिने घ्यायच्या होत्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या असत्या. पण तिथल्या रांगेत अर्धं गाव उभं असतं. म्हणून तू बस पकडून बेलापूरला जायचीस, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, आणि नेमक्या त्याच दुकानात पैसे मोजून गोळ्या घ्यायचीस. तो हात जोडून विचारायचा, "काकी, कुठून येता एवढ्या लांबून? घर कुठे?" तुला वाटायचं, मुलगा चांगला आहे, चौकशी करतो, आणि तू पत्ता सांगून टाकलास.

तो रविवार होता. ओटी भरलेली. कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, मी वाढतेय, तू आत तव्यापाशी. दारात एक मुलगी येऊन उभी राहते. माझ्यापेक्षा थोडी मोठी, निळा कोट, टाचेचे बूट चिखलाने माखलेले, हातात चकचकीत डबा. ती घसा साफ करते आणि पाठ केल्यासारखी खणखणीत आवाजात बोलते, "नमस्कार! या घरातल्या टीबी पेशंट कोण? त्यांच्यासाठी आमच्या कंपनीकडून प्रोटीन पावडरचा हा डबा एकदम फ्री!" पुढे ती पावडरचे फायदेही सांगत होती, कारण समोर काय झालंय हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. घास तोंडाशी थांबले होते. कोणी माझ्याकडे बघत होता, कोणी आपल्या ताटाकडे. एकाने तोंडातला घास मुठीत काढला. ते मी बघितलं, आणि तूही बघितलंस, कारण तोवर तू दारात येऊन उभी होतीस. हाताला पीठ.

मला वाटलं, तू म्हणशील, घर चुकलीस पोरी. कुणीही तेच म्हटलं असतं. तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "टीबी मना झाली व्हती. औषध चालू हाय. डाक्तर बोल्ला, आता माझ्यापासून कोनाला लागत नाय. त्यानी हो बोलल्यावरच चूल पेटवली. ज्याला जेवाचा त्याने जेवा, ज्याला उठाचा त्याने उठा. कोनावर राग नाय."

निम्मे उठले. कोणी सॉरी काकी म्हणत, कोणी हातसुद्धा न धुता. बसून राहिलेल्यांतही दोघे-तिघे नुसतेच बसले होते. बोलला तो सगळ्यांत किरकिरा, ज्याला आपल्या ताटातली मच्छी नेहमी शेजाऱ्यापेक्षा लहान वाटायची. तो म्हणाला, "काकी, भाकरी करपली बघा आतमध्ये. आनि मना भात द्या." तू आत गेलीस. मी भात वाढला. अर्धा बाकावर सांडला.

त्या मुलीला एव्हाना कळलं होतं. ती भिंतीला टेकून रडायला लागली. तू तिला तांब्याभर पाणी दिलंस, ताट दिलं नाहीस. ते मला फार आवडलं. पाणी पिऊन होईपर्यंत थांबलीस आणि विचारलंस, "तुला कोनी सांगला?" ती हुंदके देत म्हणाली, "आम्हाला साहेब पत्ते देतात काकी. मेडिकलवाले सांगतात साहेबांना. कोण कसल्या गोळ्या नेतं ते. शुगरवाले वेगळे, बाळंतिणी वेगळ्या, टीबीवाले वेगळे. मग त्यांना गिफ्ट मिळतं, घड्याळ, मिक्सर, कोणाला गोव्याची ट्रिप."

डबा तिथेच टाकून ती गेल्यावर मी चिडून तुला म्हटलं, नाही म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? तू तवा घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "लपवनं माझा हक हाय. खोटा बोलनं नाय. दोनी एक समजू नको."

दुसऱ्या दिवशी तू नऊवारी बदललीस, केसांत फूल माळलंस आणि मला बरोबर घेऊन बेलापूरला गेलीस. दुकानात गर्दी होती. त्याने हात जोडले. भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात नवाकोरा कूलर, गल्ल्यावर कसल्याशा कंपनीचा पेनस्टँड. प्रत्येक वस्तूवर कुठल्या ना कुठल्या औषधाचं नाव. मला पहिल्यांदाच ते दुकान नीट दिसलं. तिथली एकेक वस्तू कुणाच्या तरी मूळव्याधीची, कुणाच्या तरी गर्भाची, कुणाच्या तरी खोकल्याची होती. तू मुद्द्याला हात घातलास तसा तो आवाज खाली आणून म्हणाला, "काकी, हळू बोला. मी तुमच्या भल्यासाठीच सांगितलं. चांगली पावडर आहे. अशक्तपणा जाईल."

"भल्यासाठी?" तू आवाज अजिबात खाली आणला नाहीस. "मंग तुजा पन भला करू. तुज्या आयशीला काय हाय? बोल. तुज्या बायकोला? तुला सोताला कसल्या गोल्या चालू हायेत? सांग की सगल्यांसमोर. आमी पन काय तरी फुकट आनून देऊ."

त्याचे हात जोडलेलेच राहिले, सुटायचं विसरले. गंधाखालून घाम ओघळला. शेजारचा एक माणूस डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करून उभा होता. त्याने ती हळूच मागे घेतली, चौघडी करून खिशात घातली आणि पायऱ्या उतरून गेला. मागोमाग एक बाई. दुकानदार तुला नव्हे, त्यांना हाका मारत होता, "अहो दादा, अहो ताई!" एवढंच त्याचं दुःख. लाज नावाची वस्तू त्याच्या एकाही फळीवर नव्हती.

तिथून तू थेट वाशीला, त्या कंपनीच्या ऑफिसात. पत्ता डब्यावरच छापलेला. साहेब तिशीचा, टाय, कमरेला पेजर, टेबलावर काच. आपल्याला बसा म्हणायच्या आधी त्याने माझ्या चपलांकडे बघितलं. म्हणाला, "मॅडम, आमची कंपनी कुणाचंही नाव बाहेर सांगत नाही."

"मंग ती पोरगी माझ्या दारान काय बोल्ली?"

"ती नवीन आहे. ट्रेनिंग कमी पडलं. तिला काढून टाकतो."

"तिला काढून काय व्हनार? तिला धाडली कोनी?"

त्यावर तो हसला. हसू असं की जणू तू काहीतरी निरागस बोललीस. मग त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं. मला ते चमकताना दिसलं. पुढे सरकून म्हणाला, "काकी," मॅडमची लगेच काकी झाली, "तुमची स्टोरी फार मस्त आहे. टीबी होऊन पण खानावळ चालवता! तुमचा फोटो आमच्या पोस्टरवर टाकू. हातात डबा, बाजूला लिहायचं, ह्या पावडरने मी ठणठणीत झाले. वर्षभर डबे फ्री."

तू माझ्याकडे वळलीस. "ह्यो काय बोलतंय?" मी आपल्या भाषेत सांगितलं. तू त्याला म्हणालीस, "पन मी तर ती पावडर चाखली पन नाय."

"चालतं काकी," तो म्हणाला. "आता चाखा."

आये, त्यानंतर मी नोकऱ्या केल्या, मोठमोठी माणसं ऐकली, पण माणूस आतून किती पोकळ असू शकतो हे त्या चार शब्दांइतकं मला कुणी शिकवलं नाही. तू पिशवीतून डबा काढलास, झाकण उघडलंस, आणि परातीत पीठ घ्यावं तशी सगळी पावडर त्याच्या काचेवर ओतलीस. फोनवर, कागदांवर, टायच्या टोकावर. "तूच खा बाबा," म्हणालीस. "अशक्त तू हायेस." आणि डबा पुन्हा पिशवीत टाकलास, कारण झाकण घट्ट होतं आणि हळद ठेवायला बरा होता.

असं वाटायला नको की आपण जिंकलो. खानावळ त्या उन्हाळ्यात जवळजवळ बसली. विहिरीवरच्या बायका तुझ्या कळशीपासून आपली कळशी लांब ठेवायला लागल्या, आणि काकाने तर दाराबाहेरून बोलायला सुरुवात केली. मीठ कमी लागणारा तो क्लार्क कधीच परत आला नाही. ते तुला लागलं. तो छोटा टोप तू माळ्यावर टाकलास. किरकिऱ्याने मात्र तळोज्याहून नवीन माणसं आणली, वर त्यांच्यासमोर मच्छी लहान असल्याची तक्रारही केली. पावसाळ्यानंतर बाकं पुन्हा भरत गेली. गोळ्या संपल्या, फोटो स्वच्छ आला. तू पुढे कितीतरी वर्षं जगलीस आणि गेलीस ती हृदयाने, भाजी निवडता निवडता.

आणि त्या दोघांचं काय झालं? काही नाही. एकाचं दुकान काचेचं झालं. दुसरा कुठे असेल माहीत नाही, पण त्याची जात वाढली. आता त्यांना टाचेच्या बुटातली मुलगी चिखलातून पाठवावी लागत नाही. दुकानात गोळी घेतली की आधी मोबाइल नंबर विचारतात, आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या रक्तात काय आहे ते चार अनोळखी माणसांना कळलेलं असतं. भाषा तीच, काळजीची. तुमच्या भल्यासाठी.

हे कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. फक्त एक सांगते आणि थांबते. मला साखर निघाली आहे. ह्यांना आणि मुलांना अजून बोलले नाही. भरल्या पंगतीसमोर जे तू पीठभरल्या हातांनी सांगितलंस, ते मला काउंटरवरच्या एका पोरालाही सांगवत नाही. तो नाव विचारतो, तेव्हा मी तुझं नाव सांगते. त्यामुळे आये, हल्ली माझ्या फोनवर रोज तुझ्या तब्येतीची चौकशी येते.