करवंदपाड्याच्या दोन बायडींबाबत

प्रति,
मा. छाननी अधिकारी साहेब,
शिधापत्रिका संगणक छाननी कक्ष,
भिवंडी, जि. ठाणे

विषय : एक जिवंत व एक मयत अशा दोन स्त्रियांची नावे यादीत घेणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज (एकाचेही उत्तर नाही).

महोदय,

१. अर्जदार सईदा मोहिउद्दीन बुबेरे ही भिवंडीत संख्याशास्त्र शिकवते. यंत्राने माणसांविषयी निर्णय देताना कोणती पथ्ये पाळावीत, हा तिच्या प्रबंधाचा विषय. घराण्याच्या पिढ्या यंत्रमागाच्या खडखडाटात गेल्या, आणि पोरगी संगणकावर प्रबंध लिहिते म्हणून अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले होते. सन १९९४ मध्ये बनावट शिधापत्रिका शोधण्याचे काम आपल्या कक्षाने तिच्यावर सोपवले, तेव्हा तिला आभाळ ठेंगणे झाले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे.

२. नियम अर्जदाराने केला. गाव, नाव, नवऱ्याचे नाव आणि वय हे चारही जुळले, तर माणूस एकच आणि दुसरी पत्रिका बनावट. शहरात नियम चोख चालला. करवंदपाडा हा गणेशपुरीपलीकडचा आदिवासी पाडा. तिथे मंगळवारी जन्मला तो मंगळ्या, बायडी हे नाव घरोघरचे, आणि वय कुणालाच सांगता येईना म्हणून नोंद घेणाऱ्या गुरुजींनी सरसकट चाळीस लिहिलेले. त्यामुळे 'बायडी मंगळ्या, वय ४०' अशा दोघी निघाल्या, शेजारीशेजारी राहणाऱ्या. यंत्राने एक ठेवली. गणेशपुरीची एस.टी. रोज कितीदा तरी सुटते, तरी नियम करण्यापूर्वी अर्जदार तिकडे एकदाही गेली नव्हती.

३. पत्रिका रद्द झालेल्या धाकट्या बायडीला घेऊन अर्जदार आपल्या कक्षात आली. थोरलीही सोबत होती. दोघी एकाच टेबलासमोर उभ्या असताना आपल्या लिपिकांनी यादीवर बोट ठेवून बायडी एकच असल्याचे सांगितले. धाकटी म्हणाली, "मी हाय ना, साहेब. हात लावून बघा." लिपिकांनी हात लावला नाही. दोघी वेगळ्या असल्याचा दाखला आणा, म्हणाले. दाखला देणाऱ्यांनी आधी आपल्या कक्षाचीच यादी पाहिली, आणि यादीत बायडी एकच होती.

४. पुढचे अकरा महिने थोरलीने आपल्या वाट्याचे निम्मे धान्य धाकटीला दिले. गेल्या ऑगस्टमध्ये धाकटी तापाने गेली. उपासाने गेली असे अर्जदार म्हणत नाही, तसा पुरावा तिच्यापाशी नाही. पण अर्धपोटी माणसाला ताप किती झेपतो, हे समजायला संख्याशास्त्र लागत नाही. तिच्या नवऱ्याने मृत्यूची रीतसर नोंद केली. आठवड्याच्या आत थोरलीची पत्रिका रद्द झाली, कारण 'बायडी मंगळ्या, वय ४०' मयत. साहेब, जिचे जगणे आपल्या कक्षाने मानले नाही, तिचे मरण मात्र लगेच मानले, आणि तेही दुसरीच्या नावावर.

५. त्या दिवसापासून अर्जदार वर्गात उभी राहू शकलेली नाही. प्रबंध तिने विद्यापीठातून परत मागवला आहे.

६. तरी विनंती की, थोरलीची पत्रिका आजच सुरू करावी. तिच्या घरात दाणा नाही. या नियमाने कमी झालेल्या उरलेल्या २१५ नावांची चौकशी त्यांच्या दारात जाऊन व्हावी, अर्जदार स्वतः पायी फिरेल. धाकटीचे नाव आधी यादीत घ्यावे आणि मगच त्यापुढे 'मयत' लिहावे. ती होती, एवढे तरी दप्तरी राहू द्या.

शेवटचे एक. रद्द नावांपुढे 'संगणकाने कमी केले' असा शेरा आहे, तो खोडावा. संगणकाला पाड्यावर जाता येत नव्हते, अर्जदाराला येत होते. त्या जागी अर्जदाराचे पूर्ण नाव लिहावे.

आपल्या कक्षातील नोंदीची वाट पाहणारी,
सईदा मोहिउद्दीन बुबेरे
भिवंडी, दि. ९ ऑक्टोबर १९९६

सोबत : १) नियमाचा मूळ कागद, अर्जदाराच्या हस्ताक्षरात.
२) धाकट्या बायडीच्या मृत्यू दाखल्याची नक्कल. जिवंतपणीचा एकही ग्राह्य कागद उपलब्ध नाही.